करप्याचं शेवटचं पान

सेलूहून देवगाव फाट्याकडे निघालं की जानेवारीत एका वळणावर माझ्या स्कूटीचा वेग आपोआप कमी होतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी असते, कणसात दाणा भरलेला असतो पण अजून कडक झालेला नसतो, आणि कुठल्या तरी शेतात कुणी तरी गोवऱ्या पेटवून कणसं भाजायला घेतलेली असतात. तो धूर इतर धुरांसारखा नसतो. त्याला हिरवा, गोडसर वास असतो. हेल्मेटची काच वर केली की तो वास आणि थंडी दोन्ही एकदम तोंडावर येतात. यंदाही आली. आणि मी, अठ्ठेचाळीस वर्षांची चित्रकलेची शिक्षिका, भर रस्त्यात एकटीच हसले.

हुरड्याच्या वासानं बाकीच्यांना शेंगदाण्याची चटणी आठवते, गूळ आठवतो, ताक आठवतं. मला तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी आठवतो. एक निळी मेंढी आठवते. हिरव्या नऊवारीचा काष्टा मारून, डोक्यावर मोठा काळा मुखवटा चढवून माळावरून वाकून धावणारी गंगामावशी आठवते.

हे सगळं माझ्या धाकट्या भावामुळं झालं. दत्ता पुण्याकडे आठ वर्षं एका खेळाच्या मैदानावर कामाला होता. तिथं रंगाच्या गोळ्यांची लढाई चालायची. हवेच्या दाबावर चालणारी बंदूक, तिच्यात बोराएवढ्या पातळ सालीच्या गोळ्या, आणि डोळे वाचवायला तोंडावर काचेचा मुखवटा. अंगावर लागली की गोळी फुटते, रंगाचा डाग पडतो आणि तो गडी बाद. इंग्रजीत पेंटबॉल. मग एक दिवस नोकरी सोडून तो गावाकडे परतला आणि चारठाण्याच्या बाजूला आमचा जो चार एकर मुरमाड माळ आहे, जिथं कुसळी गवताशिवाय काही येत नाही, तिथं त्यानं हेच मैदान उभं केलं. आडोसे म्हणून कडब्याच्या गंजी, कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग, सिमेंटचे फुटके पाइप, ट्रॅक्टरचे जुने टायर. चारी बाजूंनी उंच जाळी, कारण गोळी बाहेर गेली नाही पाहिजे. शेजारच्या काळ्या रानात गुळभेंडी ज्वारी. सकाळी हुरडा खा, दुपारी लढा. त्याची बायको मंगल आणि तिच्या बचत गटातल्या तिघीजणी भाकरी-पिठल्याचं बघायच्या.

पहिल्या महिन्यात लोक आले खरे. पण दत्ता एक दिवस माझ्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, तोंड उतरलेलं.

"ताई, लोकं वीस मिनिटं धडाधड मारायलेत आन मग विचारायलेत, झालं का?"

"मग?"

"मग काय. झालंच असतं. मारायचं कशासाठी हे कुणालाच माहीत नसतं. पुण्याला आमी शनिवार-रविवार मिळून एक मोठा खेळ करायचो, त्याला कथा असायची. तू यात गोष्ट टाक. चित्रांची. आपण वाचायचो तसली."

आपण वाचायचो तसली. एवढ्या एका वाक्यानं त्यानं मला पस्तीस वर्षं मागं नेऊन ठेवलं. सेलूच्या बसस्टँडजवळ एका टपरीत चित्रांची पुस्तकं भाड्यानं मिळायची. टपरीवाला पुस्तक घरी नेऊ द्यायचा नाही. तिथंच, लाकडी बाकावर, एकमेकांना कोपर मारत आम्ही ती वाचायचो. दत्ताला अक्षरं नीट जुळायची नाहीत, म्हणून मी वाचायचे आणि तो चित्रांतले आवाज काढायचा. आणि जवळजवळ प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान फाटलेलं असायचं. कड्यावर लोंबकळणारा माणूस लोंबकळतच राहायचा. घरी जाताना आम्ही त्याला वाचवायचो. मी एका तऱ्हेनं, दत्ता दुसऱ्या. यावरून भांडणं व्हायची, कधी कधी वहीत चित्र काढून भांडण मिटायचं. माझं चित्र काढणं तिथून सुरू झालं असं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नोकरीच्या मुलाखतीत मी निसर्गाचं प्रेम वगैरे काहीतरी सांगितलं होतं.

खरं म्हणजे शिक्षिका झाल्यापासून मी स्वतःचं असं एकही चित्र काढलं नव्हतं. घागर, तिच्याशेजारी दोन वांगी, मागं पडदा. हे फळ्यावर हजार वेळा काढलं. मुलांना परीक्षेत गुण मिळावेत म्हणून. हात चांगला होता पण त्याला घागरीपलीकडे काही विचारायची सवय गेली होती.

त्या डिसेंबरात मी शाळा सुटल्यावर चारठाण्याला जाऊन बसायला लागले. तिथल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर दगडी बायका आहेत. एकीनं कंबर वळवलेली, एकीनं पाय उचलून तळव्यातला काटा पाहिलेला. त्यांच्या उभं राहण्यात मला हवी असलेली ऐट होती. त्यांना मी साडीऐवजी ढाल-मुखवटा दिला आणि माळावर आणून सोडलं. आठ दिवसांत सोळा पानं झाली.

गोष्ट साधी होती. करप्या नावाचा एक दुष्ट. पिकांवर पडतो तो करपा, तोच माणूस होऊन आलेला. तो जाईल तिथला रंग शोषून घेतो. शेतं राखाडी, लुगडी राखाडी, पोपट राखाडी. शोषलेले सगळे रंग त्यानं एका पेटीत कोंडलेत. त्याच्याशी लढणाऱ्या तिघी: एक रंगाई, जी बाद झालेल्या गड्याला ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा उभं करते. दुसरी बोरकाटी, जिला दोनदा गोळी लागल्याशिवाय ती बाद होत नाही. तिसरी टिटवी, जिला शत्रू कुठं लपलाय ते दिसतं. दोन दिवस लढाई. रविवारी दुपारी बाराची शिट्टी होईल तेव्हा पेटी ज्याच्या हातात, तो जिंकला. आणि शेवटचं पान कोरं. जिंकणाऱ्यानं सांगायचं आणि मी तिथंच, सगळ्यांसमोर ते काढायचं.

दत्तानं सोळा पानांच्या झेरॉक्स काढल्या, मंगलनं दाभणानं शिवल्या. दत्तानं पुस्तक चाळलं. शेवटच्या कोऱ्या पानावरून हात फिरवला आणि म्हणाला, "हे बरं केलंस."

जानेवारीतल्या एका शनिवारी परभणीहून एका बँकेतले बाराजण आले, जिंतूरहून कॉलेजची पोरं-पोरी आल्या. बँकवाल्यांचे खंडागळे साहेब पन्नाशीचे, बारीक, बोलायला इतके हळू की पुढं झुकून ऐकावं लागायचं. भूमिका वाटताना ते माझ्याजवळ आले.

"बाई, करप्या मी होऊ का?"

मी जरा गोंधळले. करप्यासाठी मी एक आडदांड मुलगा हेरून ठेवला होता.

"काय आहे," साहेब म्हणाले, "मला आयुष्यात कुणी घाबरलेलं नाही. ऑफिसात नाही, घरी तर नाहीच. एवढं करू द्या."

त्यांच्या खांद्यावर राखाडी घोंगडी टाकली, कमरेला दोर बांधला. घोंगडी अंगावर पडली आणि त्या माणसाच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो ऐकून पिठलं ढवळणारी मंगल बाहेर येऊन बघून गेली.

तो शनिवार अजून माझ्या कानात आहे. गोळ्यांचा टप-टप आवाज, कडब्यात घुसून बसलेल्या पोरींचं दाबलेलं हसू, "बाद, बाद, मी बाद" असं ओरडत हात वर करून चालणारी माणसं. बँकवाले करप्याच्या बाजूनं, कॉलेजची पोरं आमच्या. मी रंगाई होते. पदरात ओली फडकी घेऊन माळभर पळत होते. शिपाई म्हणू नये, साहेब म्हणू नये, येईल त्याची पाठ पुसायची आणि जा म्हणायचं. संध्याकाळपर्यंत आमचा पार धुव्वा उडाला. पेटी करप्याकडे. खंडागळे साहेब गंजीवर उभे राहून हसत होते आणि त्यांची बँकेतली माणसं खालून आ वासून त्यांच्याकडे बघत होती.

आणि तेवढ्यात जाळीच्या पलीकडून हाक आली.

"कोण हाय रे इथला मालक?"

गंगामावशी होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची. नवरा-बायको मेंढ्या राखतात, सुगीत दुसऱ्याच्या रानात कापणीला जातात. पन्नाशी ओलांडलेली, काटक बाई. तिनं एका मेंढीची मान काखेत धरली होती आणि मेंढीच्या पाठीवर हातभर निळा डाग. जाळीला एके ठिकाणी भोक पडलं होतं, तिथून गोळी गेली असावी.

दत्ता धावत गेला. "मावशी, चुकलं आमचं. पण पाण्यानं निघतो हा रंग. आत्ता धुऊन देतो."

"रंग निघंल," मावशी म्हणाली. "दोन महिने झाले, तुझ्या जाळीला वळसा घालून मेंढ्या पाण्यावर न्यायलेय मी. जायला तेवढा, यायला तेवढा. गाभण मेंढ्या हायेत त्यात. त्यो वळसा पाण्यानं निघतो का?"

दत्तानं जाळीचं भोक चाचपलं. मग म्हणाला, "जागा आमची हाय, मावशी. जाळी न्हाई लावली तर कुणाच्या डोळ्यात गोळी जाईल."

"जागा तुझीच हाय. मी कुठं माझी म्हणलं? वाट म्हणले मी."

दोघंही खरं बोलत होते. मंगलनं मावशीला हुरड्याला बसवलं. आगटीतली कणसं काढून हातावर चोळली, गरम दाणे मावशीच्या ओंजळीत ओतले. मावशी खात होती पण नजर मैदानावरून हटत नव्हती. माझं पुस्तक तिच्या गुडघ्यावर होतं. तिला वाचता येत नव्हतं, चित्रं बघत बघत ती शेवटच्या पानाशी आली.

"हे कोरं का?"

मी सांगितलं. जो जिंकेल तो सांगेल ते.

"काय बी मागता येतं?"

"काही पण."

"आन ते कागदावरच राहतं का खाली बी उतरतं?"

मी दत्ताकडे पाहिलं. तो आगटीतला विस्तव काडीनं सारत होता. मग मान वर न करता म्हणाला, "जिंकलीस तर उतरवीन. पण जिंकावं लागंल, मावशी. दया म्हणून न्हाई."

"मला दया देणारा तू कोण?" मावशी म्हणाली आणि तळहातावरचा भुसा फुंकून उडवला. "उद्या किती वाजता येऊ?"

रविवारी सकाळी मेंढ्या नवऱ्यावर सोपवून ती आली. आमच्या बाजूनं ती आणि बचत गटातल्या तिघी, अशा चार नव्या. मावशीला मी टिटवी केलं. मुखवट्याची काच तिला आवडली, बंदूक नाही. ती तिनं काठीसारखी खांद्यावर आडवी धरली.

शिट्टी झाली आणि आमची पोरं कालच्यासारखी धावत सुटणार, तेवढ्यात मावशीनं हात आडवा धरला. "थांबा. पाखरं बघू द्या."

आम्ही थांबलो. माळावर उजवीकडच्या पऱ्हाट्यांमधून चिमण्यांचा थवा उठला आणि पुढं जाऊन बसला. थोड्या वेळानं पाइपांच्या मागून दोन खऱ्या टिटव्या ओरडत उडाल्या.

"तिकडं तिघं हायेत, सरकायलेत," मावशी म्हणाली. "आन टिटवी उठली तिथं एकजण झोपलाय. उठला तर दुसऱ्यांदा वरडंल ती."

टिटवी दुसऱ्यांदा ओरडली. आमच्या बाजूच्या एका मुलीनं नेम धरला. बँकेचे कॅशियर बाद.

त्या सकाळी मला कळलं की चित्रात मी टिटवीला जी शक्ती म्हणून दिली होती, ती या माळावर कुणाकडे तरी आधीपासून होती. मी तिला उगाच पंख काढले होते. मावशीनं आमच्या वीस माणसांना कळपासारखं हाकलं. जिभेनं टक् केलं की थांबायचं, लांब शीळ घातली की पसरायचं. कॉलेजची पोरं आधी हसली, मग तिच्या शिळेवर वळायला लागली. गटातली एक बाई तर गंजीआडून अशी अचूक मारायला लागली की दोघांनी तिच्यासमोर बंदुका खाली ठेवल्या. वारा बदलला तशी मावशीनं आम्हाला खालच्या अंगानं नेलं, म्हणजे गवताचा आवाज पलीकडे जाणार नाही.

पेटी मोठ्या गंजीमागं होती आणि पेटीजवळ करप्या. बाराला पाच मिनिटं कमी. मी घाईनं डोकं वर काढलं आणि माझ्या मुखवट्यावर निळा रंग फुटला. रंगाई बाद. आता कुणाला पुसून उठवता येणार नव्हतं. मी हात वर करून बाजूच्या टायरवर जाऊन बसले, त्यामुळं पुढचं मला नीट दिसलं.

मावशी गंजीच्या मागून गेली, अगदी पोटावर सरकत. साहेब समोर बघत होते. ती त्यांच्या मागं दोन हातांच्या अंतरावर उभी राहिली आणि पहिल्यांदाच बंदूक सरळ धरली.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "हात वर करा. मला नेम येत न्हाई. जवळून लागंल."

इतक्या जवळून मारायचं नसतं, समोरच्याला शरण यायची संधी द्यायची असते, हा नियम दत्तानं सकाळी सांगितला होता. तो पाळणारी मावशी एकटी निघाली. खंडागळे साहेबांनी वळून पाहिलं, घोंगडी सावरली आणि दोन्ही हात वर केले. मुखवट्याआड ते इतके हसत होते की त्यांचे खांदे हलत होते. शिट्टी झाली तेव्हा मावशी पेटीवर बसून वर खोचलेला काष्टा नीट करत होती.

दत्तानं एक पिंप आडवं केलं, त्यावर मी कोरं पान पसरलं. सगळे भोवती उभे राहिले. केसांत कुसळं, पाठीवर निळे-नारंगी डाग.

"सांगा मावशी."

मावशी एवढ्या माणसांपुढं पहिल्यांदाच लाजली. मग म्हणाली, "करप्याला मारू नको. मेंढ्या राखायला लाव त्याला."

साहेब म्हणाले, "चालेल. मला दाढी काढा, बाई."

मी दाढी काढली. घोंगडी काढली, हातात काठी दिली. भोवती मेंढ्या काढल्या, एक निळी ठेवली. मावशी माझ्या खांद्यावरून बघत होती. "आता त्यात जाळी काढ. आन जाळीला इकडून एक फाटक, तिकडून एक. रुंद. चार मेंढ्या अंगाला अंग लावून जातील एवढं." मी काढलं. "जरा रुंद," ती म्हणाली. मी खोडून रुंद केलं. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी माझ्या चित्राकडे गुण द्यायला नाही, तर पुढं काय होतंय ते बघायला उभं होतं.

दत्तानं पान उचललं, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. "बिजागरी बाहेरच्या अंगाला लावावी लागंल," तो म्हणाला. बस, एवढंच.

फाटकं व्हायला पंधरा दिवस लागले आणि त्या पंधरा दिवसांत दोघांची दोनदा पुन्हा वादावादी झाली. दत्ता म्हणे सकाळी नऊच्या आत न्या, मावशी म्हणे मेंढीला घड्याळ कळत नाही. शेवटी ठरलं की मावशी फाटकाशी येऊन शीळ घालेल, दत्ता शिट्टी मारेल, सगळ्यांनी बंदुका खाली करायच्या आणि कळप जाऊ द्यायचा. आता खेळाच्या नियमांत ते लिहिलेलंच आहे. बाहेरून येणाऱ्यांना तो गोष्टीचाच भाग वाटतो. खंडागळे साहेब दर वर्षी येतात. ऑफिसात आता लोक त्यांना थोडं घाबरतात असं ते म्हणतात, पण त्यांच्या चेहऱ्यावरून ते खरं वाटत नाही. मी यंदा चौथं पुस्तक काढते आहे.

परवाच्या रविवारचं सांगते. खेळ ऐन रंगात आलेला, शीळ आली, शिट्टी झाली, मेंढ्या आत आल्या. सगळ्या गेल्या, एक मागं राहिली. ती मैदानाच्या मधोमध, दोन्ही फौजांच्या बरोबर मध्ये आडवी झाली. मावशीनं तिच्याजवळ बसून पोटावरून हात फिरवला आणि दत्ताकडे बघून म्हणाली, "व्यायला आलीय ही." दत्तानं एकेकाच्या हातातली बंदूक काढून घेतली आणि कोठीत नेऊन ठेवली.

"तोंडावरचं काढा आता," मावशी सगळ्यांना म्हणाली. "भितीय ती."

चाळीस माणसांनी मुखवटे काढले. घामेजलेले, रंगानं माखलेले चेहरे. कुणी सांगितलं नाही, तरी सगळे गवतात खाली बसले, लांबवर गोल करून. वाऱ्याला ज्वारीच्या पानांची सळसळ तेवढी. पाऊण तास गेला. मग ओलं, काळं-पांढरं कोकरू मुरमावर आलं. आईनं ते चाटलं. ते उठलं, पडलं. पुन्हा उठलं, पुढच्या गुडघ्यांवर टेकलं. माझ्या शेजारी बसलेल्या परभणीच्या एका मुलीनं नकळत माझं मनगट धरलं. तिसऱ्यांदा ते आडवं झालं तेव्हा दोन्ही फौजांतून एकच उसासा निघाला. चौथ्यांदा कोकरू चारी पाय फाकवून उभं राहिलं, डुललं, आणि चालायला लागलं.